फावल्या वेळाची मजुरी

हातमागाचे दिवस सरले, तेव्हा विणकरांच्या गावांतल्या बायकांना मॅक्रमे, म्हणजे दोरीचे गाठकाम, शिकवा, असा सल्ला हल्ली फार उदारपणे वाटला जातो. सुती दोरी, एक काठी आणि दोन हात एवढ्यावर काम सुरू होते; माग लागत नाही, वीज लागत नाही, भांडवलही जेमतेम. भिंतीवरची झालर, कुंडीचे टांगणे, दाराचे तोरण, आरशाची चौकट, जे जमेल ते घरबसल्या, फावल्या वेळात करायचे, फोनवर फोटो काढायचा आणि ऑनलाइन विकायचे. महिला दिनाच्या भाषणांत आणि 'घरबसल्या कमवा' छापाच्या व्हिडिओंत हाच पाढा म्हटला जातो. तो तपासायचा तर भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले आंधळगाव डोळ्यांसमोर ठेवावे. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, हातमाग विणकामासाठी ओळखले जाणारे हे गाव. हातात कसब आहे आणि कसबाला दाम नाही, अशा गावाला हा सल्ला अगदी चपखल बसतो असे वाटते. मला तो बसत नाही. दोरीत दोष नाही, गाठीतही नाही. बाईचा वेळ फुकट असतो असे गृहीत धरून सगळा हिशेब मांडलेला आहे, आणि नेमक्या याच गृहीतकाने आधी हातमागाचे घर पोखरले.

हातमाग का खंगला, याचे झटपट उत्तर 'यंत्रमाग आला म्हणून' असे दिले जाते. ते खोटे नाही. हातमागासाठी काही वस्त्रप्रकार राखून ठेवणारा कायदा १९८५ साली झाला. सुरुवातीला बावीस प्रकार होते, पुढे अकरा उरले, आणि राखीव मालाच्या नकला बाजारात येतच राहिल्या. पण घराच्या आतला हिशेबही पाहायला हवा. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या अळ्यांचे कोष सोड्याच्या पाण्यात उकळायचे, चारसहा कोषांचे तंतू एकत्र ओढायचे आणि उघड्या मांडीवर तळहाताने घासून त्यांना पीळ द्यायचा, हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केले. मांडीची कातडी सोलवटून निघे. केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' नावाचे सूत काढण्याचे यंत्र आणले ते मांडीवरचे हे काम बंद व्हावे म्हणूनच. पुढे सूत उलगडणे, ताणा करण्यात हात देणे, धोट्यासाठी कांड्या भरणे हीही घरातल्या बायकापोरांचीच कामे. मजुरी मात्र विणलेल्या लुगड्यावर ठरते आणि मागावर बसणाऱ्याच्या हाती पडते. कांडी भरणाऱ्या बाईचा दर कोणी विचारत नाही, कारण ती 'घरचीच' असते. चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत, म्हणजे २०१९-२० साली, देशात ३५ लाख २२ हजार हातमाग कामगार नोंदले गेले; त्यांत सुमारे बहात्तर टक्के बायका. त्याच गणनेत विणकर कुटुंबांपैकी ६६ टक्क्यांहून अधिक कुटुंबांचे महिन्याचे उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत निघाले. हे उत्पन्न कुटुंबाचे आहे, एका माणसाचे नव्हे. तीनचार जणांचे श्रम एका मजुरीत कोंबले की कापड स्वस्त दिसते आणि विणकर दरिद्री राहतो. या घराला रोग कसब कमी असल्याचा नव्हता. तरी औषध म्हणून आणखी एक कसबच सुचवले जात आहे.

आता मॅक्रमेचा हिशेब मांडू. झालर जेवढी लांब हवी त्याच्या साधारण चौपट-पाचपट लांबीची दोरी प्रत्येक पदराला कापावी लागते, कारण गाठ दोरी खाते. कापलेल्या दोऱ्या दुमडून काठीवर फासाने अडकवायच्या, मग चार-चार दोऱ्यांच्या चौकोनी गाठींच्या ओळी, मध्ये तिरक्या वेढ्यांच्या रेघा, शेवटी खालची टोके समान कापून, विंचरून मोकळी करायची. एक गाठ सैल पडली तर तिच्याखालची सगळी ओळ वाकडी होते आणि ती उसवण्यावाचून गत्यंतर नसते. समजा, मध्यम आकाराच्या झालरीला सहा तास लागले. दोरी आणि काठी धरून अडीचशे रुपयांचा माल गेला, झालर सहाशेला विकली गेली आणि ऑनलाइन दुकानाचे कमिशन, वेष्टन व कुरियर मिळून दीडशे रुपये गेले. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत; कोणालाही आपले घालून पाहता येतील. हातात उरतात दोनशे रुपये, म्हणजे तासाला तेहतीस, आठ तासांचे दोनशे सदुसष्ट. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या अकुशल कामाचा दिवसाचा दर ३१२ रुपये होता. मातीची पाटी उचलणारीला सरकार देते त्याहून कमी, आणि तेही झालर विकली गेली तर! फोटो काढणे, ग्राहकांच्या 'किंमत कमी होईल का' या प्रश्नांना उत्तरे देणे, खोका बांधणे आणि तो पाठवायला जाणे यांचे दोन तास धरले की दर तासाला पंचवीसवर येतो. शिवाय कुरियरवाले वजनापेक्षा जागा मोजतात: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागण्याची रीत सर्रास आहे. पासष्ट सेंटिमीटर लांब, पंधरा रुंद आणि दहा उंच खोक्याचे हिशेबी वजन जवळपास दोन किलो होते. आतली झालर अर्ध्या किलोचीही नसते. ज्या काठीमुळे झालर देखणी दिसते तीच काठी वाहतूक महाग करते. प्रशिक्षणवर्गात गाठी शिकवल्या जातात. हे गणितही तिथेच शिकवायला नको काय?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मॅक्रमे यंत्रावर होत नाही, हातानेच करावे लागते, म्हणून हातमागाची गत त्याची होणार नाही. युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. पण हाच प्रयोग आपल्या देशात शंभर वर्षांहून अधिक काळ झालेला आहे आणि त्याचा निकालही लागलेला आहे. आंध्रातल्या पश्चिम गोदावरीतील नरसापूर परिसरात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना सुईच्या लेसचे काम शिकवले. क्रोशाची ती लेस यंत्रावर होत नाही. तिला परदेशांत गिऱ्हाईक मिळाले, निर्यात वाढली, व्यापाऱ्यांचे वाडे उभे राहिले. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या लेसवाल्यांवर लिहिलेले पुस्तक १९८२ साली आले, आणि त्यात त्यांनी दाखवले ते असे की घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-आठ तास सुई चालवणाऱ्या या बायका शेतमजूर बाईच्या किमान वेतनाच्याही खूप खाली कमावत होत्या. व्यापारी, नातलग, सरकारी गणती आणि कित्येकदा त्या स्वतःसुद्धा त्यांना गृहिणीच म्हणत. लेस म्हणजे रिकामपणचा उद्योग. जिचे काम काम म्हणून मोजलेच जात नाही, ती दर कोणत्या तोंडाने मागणार? तिथे यंत्राने मजुरी पाडली नाही, यंत्र नव्हतेच. मजुरी पाडली ती 'फावल्या वेळात करतात' या समजुतीने. मॅक्रमेची स्थिती तर याहून अवघड आहे, कारण त्याच्या बाजारात आंधळगावच्या बाईची स्पर्धा केवळ चिनी मालाशी नाही; शहरातल्या हौशी हातांशीही आहे. ज्यांचे घर दुसऱ्याच्या पगारावर चालते आणि ज्यांना दोरीचे पैसे सुटले तरी समाधान वाटते, त्या लोकांनी लावलेली किंमत ही बाजाराची किंमत होऊन बसते. त्यांच्या हौशीला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण हौसेच्या भावात पोट भरत नाही, एवढे तरी सल्ला देणाऱ्याला कळायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक भावनिक आणि म्हणून अधिक पसरलेला: काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरे, बाईला घराबाहेर पडता येत नाही, तिला चार पैसे मिळाले तर तुमचे काय जाते? हा युक्तिवाद भंडारा-गोंदियाला नवा नाही. या पट्ट्यात तो विडीसाठी ऐकलेला आहे. घरी बसून सूप मांडीवर घेऊन तेंदूच्या पानात तंबाखू वळणाऱ्या बायकांना हजारी दराने पैसे मिळत, त्यातून छाट म्हणून विड्या बाजूला काढल्या जात, आणि तरीही 'घरबसल्या मिळते ना' हे उत्तर तयार असे. एवढे मात्र झाले की विडीकामगारांनी आणि त्यांच्या संघटनांनी हे उत्तर मान्य केले नाही. किमान वेतन कायदा १९४८ साली झाला तेव्हा त्याच्या अनुसूचीत विडीचा समावेश झाला, आणि १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी वळणारी बाईही कामगार आहे हे मान्य केले. अंमलबजावणी किती लंगडी होती हे सर्वांना ठाऊक आहे. पण तत्त्व ठरले: चुलीशेजारी केलेले काम हे कामच. आज मॅक्रमेच्या झालरीला जो हजारी दरही नाही, ती स्थिती विडीच्याही मागची आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरकामगारांसाठी, म्हणजे घरी बसून बाजारासाठी उत्पादन करणाऱ्यांसाठी, एकशे सत्त्याहत्तर क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अद्याप मंजुरी दिलेली नाही. इकडे आपण बायकांना 'उद्योजिका' ही पदवी देऊन मोकळे होतो. कामगार म्हटले की दर द्यावा लागतो. उद्योजिका म्हटले की तोटा तिचा.

आणि हा फावला वेळ आहे तरी कुठे? भंडारा हा धानाचा जिल्हा. पाऊस लागला की रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, नंतर चुरणे. उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपान. रोवणीला बाईचा हात मिळत नाही म्हणून शेतकरी तक्रार करतो, तेव्हा त्या हाताला दर असतो आणि बाई तो घासाघीस करून ठरवते. तीच बाई झालर बांधताना दर विसरते असे मानणे तिच्या अकलेचा अपमान आहे. प्रशिक्षण घेऊन महिन्या-दोन महिन्यांत दोरीचे बंडल माळ्यावर पडते तेव्हा 'बायकांना चिकाटी नाही' असा शेरा मारला जातो. चिकाटीचा प्रश्न नाही. तिने हिशेब केला आणि रोवणीला गेली. नेमकी राखी आणि दिवाळीची मागणी रोवणी-कापणीच्या गडबडीलाच येऊन भिडते, हे वर्गाचे वेळापत्रक आखणाऱ्याच्या ध्यानातही नसते.

मॅक्रमे परके आहे, आपल्या मातीतले नाही, असा विरोध काही संस्कृतिप्रेमी करतात. त्यात दम नाही. दह्यादुधाची मडकी टांगायचे शिंके म्हणजे कुंडीच्या टांगण्याचेच जुने रूप. बैलाची मुसकी, पोळ्याला बांधायचे गोंडे आणि तलावांच्या या जिल्ह्यात ढिवरांनी हाताने विणलेली मासेमारीची जाळी ही सगळी गाठींचीच कामे. गाठीला जात नसते, देशही नसतो. पण त्या कामांची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे: शिंके आणि मुसकी घरच्या वापराची होती, जाळ्याने मासा पकडला जात होता; अनोळखी गिऱ्हाइकाच्या भरवशावर ती केली जात नव्हती. सरकारलाही गाठकाम परके नाही. केंद्राच्या २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत मासेमारीची जाळी विणणारा आहे, टोपल्या विणणारा आहे. हातमागाचा विणकर त्यात नाही. त्याच्यासाठी वेगळ्या योजना आहेत असे सांगितले जाते. असतील. २०२० साली जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याच्या अंतराने अखिल भारतीय हातमाग मंडळ आणि हस्तकला मंडळ गुंडाळण्यात आले, तेव्हा विणकराने आणि कारागिराने आपले म्हणणे मांडायच्या दोन जागाही गेल्या.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. मॅक्रमेवर चांगले कमावणाऱ्या बायका आहेत, त्यांचे काय? आहेत, आणि त्यांचे कौतुकच आहे. मात्र त्या कमाईतला किती भाग झालरीचा आणि किती भाग वर्गांच्या फीचा, तयार किटचा, दोरीच्या विक्रीचा, हे विचारून पाहावे. दोरी विकणाऱ्याला प्रत्येक शिकणारीकडून पैसे मिळतात, मग तिची झालर विकली जावो अथवा न जावो. नव्या शिकणाऱ्या जेवढ्या वाढतील तेवढा त्याचा धंदा वाढतो आणि तेवढाच झालरीचा भाव उतरतो. सगळ्या गावाला एकच वस्तू शिकवण्यात कोणाचा फायदा आहे, हे यातून उमगते. आणि दुसरे उदाहरण घ्यायचेच असेल तर लिज्जतचे घ्या. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पापडाइतकी सोपी, कोणीही करू शकेल अशी दुसरी वस्तू सापडणे कठीण. तरी लिज्जत टिकली. कारण तिथे पीठ केंद्रात मळले जाते, लाटणारीला लाटण्याचे पैसे ठरलेल्या दराने मिळतात, माल खपवण्याची जोखीम तिच्या एकटीच्या डोक्यावर नसते आणि ती संस्थेची सभासद असते. पापड घरी लाटले जातात, पण तिथली बाई एकटी पडलेली नाही. मॅक्रमेचा सल्ला याच्या नेमका उलट आहे. त्यात दोरी तिने आणायची, रचना तिने शोधायची, फोटो तिने काढायचा, परत आलेला माल तिने सोसायचा, आणि हे सगळे प्रत्येकीने वेगवेगळे. २०२३ च्या ऑक्टोबरपासून राज्यांतर्गत ऑनलाइन विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीतून सूट मिळाली, ही चांगलीच गोष्ट. त्या सवलतीने कागदपत्रांचा काच कमी झाला. दर वाढला नाही.

मग आंधळगावने काय करावे? फक्त वारसा म्हणून माग चालवत राहा, असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. वारशाने चूल पेटत नाही. पण गाठकाम करायचेच असेल तर ते कुठून आले हे पाहावे. अरब विणकर मागावरून उतरलेल्या कापडाच्या सुट्या दशा गाठी मारून बांधत, तिथून मॅक्रमे निघाले असे त्याचा इतिहास सांगतो. म्हणजे ते मागाचेच शेवटचे काम होते. आंधळगावात कोसा आहे. करवतीच्या दातांसारखी किनार तीन धोटे चालवून विणलेल्या विदर्भाच्या करवतकाठी वस्त्राला भौगोलिक निर्देशांकही आहे. रेशमाला २००४ पासून सिल्क मार्क आणि हातमागाला २००६ पासून हँडलूम मार्क मिळतो. झालरीला यांतले काहीच नाही. ती आंधळगावची आहे की आग्र्याची हे विचारायलाही कोणी थांबत नाही. कोशाच्या ओढणीच्या आणि दुपट्ट्याच्या दशांवर जाळीदार गाठकाम झाले, तर ते कापडाबरोबर विकले जाईल, त्याची नक्कल करायची तर आधी कोसा विणावा लागेल, आणि वाहतुकीला काठीही लागणार नाही. निर्देशांकाने विणकराची मजुरी आपोआप वाढते असा माझा भ्रम नाही. तो शिक्का असूनही कित्येक कारागिरांचे हात रिकामे आहेत. म्हणूनच एक अट घालावी लागते. गाठीची मजुरी कापडाच्या मजुरीत बुडू देऊ नये. पावतीवर ती वेगळ्या ओळीत लिहावी: विणकाम इतके, कांडी इतकी, गाठकाम इतके, आणि पैसे जिचे तिच्या खात्यात जावेत. हे होणार नसेल तर कोशाच्या दशांवरचे गाठकामही मांडीवरच्या सुताइतकेच फुकट ठरेल, आणि मग आपण पुन्हा तिथेच येऊ.

यावर शेवटचा आक्षेप येईल की इतका दर लावला तर वस्तू महाग होईल आणि गिऱ्हाईक पळेल. काही पळेलही. पण ज्या वस्तूला तिच्या श्रमाची किंमत बाजारात मिळत नाही, ती वस्तू करायला बाईला शिकवणे हे तिच्या खर्चाने गिऱ्हाइकाला स्वस्ताई देणे आहे. ती दयाबुद्धी दाखवायची असेल तर ज्याने सल्ला दिला त्याने स्वतःच्या खिशातून दाखवावी. मोहाडी तालुक्यात मॅक्रमेचा पुढचा वर्ग जो कोणी भरवील, मग ती शासकीय योजना असो, संस्था असो वा दोरीचा व्यापारी, त्याला माझी एकच विनंती आहे. पहिल्या दिवशी पहिली गाठ शिकवण्याआधी फळ्यावर तासाचा दर लिहावा, माल कोण उचलणार त्याचे नाव लिहावे, आणि न विकल्या गेलेल्या मालाचा तोटा कोण सोसणार तेही लिहावे. या तीन ओळी ज्याला लिहिता येत नाहीत त्याने रोवणीच्या दिवसांत बायकांचा वेळ घेऊ नये.